पेजेवर मारलं

सांगजू, २६ ऑक्टोबर २०१३

होसून,

पेटी मिळाली असेल. पर्सिमनांच्या वरच हे पत्र ठेवलंय. आधी हे वाच, मग फळांना हात लाव. फोनवर मला तुझं अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं ऐकावंसं वाटत नाही, म्हणून लिहिते. तीन वर्षं गावच्या सभागृहात म्हाताऱ्यांच्या वर्गात बसून अक्षरं गिरवली. मास्तरीण म्हणाली, आजी, पहिलं पत्र कुणाला लिहिणार? म्हटलं, भावजयीला. अगंबाई, किती हो प्रेम, म्हणाली. बिचारीचा गैरसमज कशाला दूर करा!

आता मुद्द्याचं. चुसोकच्या सणाला पितरांपुढचं अन्न आपण सगळ्यांनी बसून खायचं, एवढी साधी रीत. तू काय केलंस? दोन चमचे भात चिवडलास, माशाला काडी लावलीस न लावलीस, आणि ॲप्रन सोडून अंगणात फेऱ्या मारायला निघालीस! चुलते बघत होते. त्यांच्या बायका बघत होत्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

दलसूला विचारलं, हिला झालंय तरी काय? तर म्हणे, तिचं पोट हळू चालतं, ताई. काय तर म्हणे, हळू चालतं! अरे, पोट काय चालतं? चालायला त्याला पाय आहेत का? माझा भाऊ साधा म्हणून तू सांगशील ते त्याला खरं. नोकरीतून सुटलीस, रिकामी बसलीस, आता काहीतरी दुखायला हवं ना!

आणि खरं सांगू का? मला त्यात नवल वाटत नाही. माझ्या आईला तू इंचनला नेलंस आणि चार वर्षं घोट घोट पेजेवर ठेवून मारलंस. हे मी तिच्या मयताला, तिच्या फोटोसमोर, सगळ्या भाऊबंदांच्या देखत बोलले होते आणि आजही बोलेन. आता तुझ्याच घशाखाली घास उतरत नाही. आई वरून बघतेय.

पर्सिमनं चांगली पिकलीत. खाल्लीस तर पोट ठिकाणावर येईल.

पिलनाम

*

इंचन, ९ नोव्हेंबर

वन्सं,

पत्र मिळालं. अक्षर सुरेख आहे. मजकूर तुमचाच आहे.

पर्सिमनं मी जिन्यात शेजाऱ्यांना वाटून टाकली. मला ती डॉक्टरांनी बंद केलीत. पुढची पेटी पाठवू नका, पत्रासाठी साधं पाकीट पुरतं.

पोटाला पाय नसतात हे मलाही माहीत आहे. पण आतलं अन्न पुढे ढकलायला त्याला एक नस हलवते, आणि वीस वर्षं अंगात साखर मुरली की ती नस ढिली पडते. गेल्या वर्षी इथल्या इस्पितळात मला एक अंडं खायला दिलं. त्यात यंत्राला दिसेल असं काहीतरी घातलेलं होतं. मग चार तास यंत्राखाली. तोवर माणसाचं अंडं पोटातून गेलेलं असतं. माझं अर्ध्याहून जास्त होतं तिथेच बसलेलं. हे मी मनाने काढलेलं नाही, चित्र आहे, दलसूला विचारा.

त्याआधी सहा वर्षं काय काय नाही केलं! तुमच्यासारख्या शहाण्यांची इथेही कमी नाही. खालच्या मजल्यावरची म्हणाली, कच्च्या आलुबुखाराचा पाक घे. चर्चमधलीने ब्राऊन राईसचं पोतं आणून दिलं, पोट साफ होतं म्हणे. तिसरीने माझ्या अंगठ्याला दोरा करकचून बांधला आणि नखापाशी सुई टोचून काळं रक्त काढलं. काढून झाल्यावर म्हणते कशी, बघ, आता बरं वाटतंय ना? मी तिच्याच बुटांवर ओकले.

आता सासूबाईंचं. ते अंड्याचं चित्र बघितलं तेव्हा मी त्या खोलीत बसून रडले, आणि माझ्यासाठी नाही रडले. त्यांनाही साखर होती. त्याही चार घास खाऊन म्हणायच्या, पुरे, भरलं. सकाळचा भात त्यांना रात्री जसाच्या तसा उलटून पडायचा. तेव्हा डॉक्टर म्हणाले, वय झालंय. मी बघितलं, गाळलेली पेज तेवढी राहते. मग दर अडीच तासांनी वाटीभर पेज, चार वर्षं. शाळेच्या स्वयंपाकघरात चोवीस वर्षं सहाशे मुलांना जेवू घातलं मी. कुणाला उपाशी ठेवणं मला येत नाही, वन्सं, शिकवलंच नाही कुणी.

आणि तुम्ही मयताच्या जेवणातलं सूप भुरकत बोललात, हिने म्हातारीला पेजेवर मारलं. येत्या फेब्रुवारीत त्याला आठ वर्षं होतील. अजून माझ्या हातचं ताट पुढे आलं की चुलतजावा एकमेकींकडे बघतात. मला तुमची माफी नको. ते शब्द जिथे बोललात तिथे, त्याच लोकांसमोर परत घ्या. श्राद्धाचा दिवस आहे, फोटोही तोच असेल.

होसून

*

सांगजू, २७ नोव्हेंबर

होसून,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना जास्त राग आला. नस म्हणे ढिली पडते! पायजम्याची नाडी आहे का ती?

शब्द परत घ्यायचे? मी दुकान उघडलंय का, आज दिलं, नको झालं की परत घेतलं? चित्र तुझ्या पोटाचं आहे, माझ्या आईच्या पोटाचं नाही. सोयीचं बोलू नकोस.

इथे साल काढून झालं. एकोणीस दिवस चार बायकांनी पाटावर बसून फळं सोलली, आता शेडमध्ये दोऱ्यांवर टांगलीत. थंडी चांगली पडली तर महिन्या-दोन महिन्यांत सुकतील. तुझ्याशी भांडायला वेळ नाही.

एक आहे पण. आमच्या अक्षरांच्या वर्गात चोमरे नावाची एक बाई आहे. तिचं काहीतरी तुझ्यासारखंच ऐकलं. सकाळी खाल्लेल्या मुळ्याचा ढेकर तिला दिवेलागणीला येतो. पाच घास झाले की पोट ढोलासारखं टम्म. दुपारी मळमळतं म्हणून बाहेर जाते, आणि कुणी बघू नये म्हणून जेवण कुत्र्याला घालते. कुत्रं इतकं माजलंय की उठत नाही. कुणाला सांगत नाही बिचारी. या वयात खाता येईना म्हटलं की लोक लगेच शवपेटीचं माप घेतात.

तर तू सकाळी उठल्यावर नक्की काय खातेस? पेज किती पातळ? तांदूळ भाजून की तसाच? किमचीचं काय करतेस, सोडलीस का साफ? किमची सोडून माणूस जगतो? सगळं नीट क्रमाने लिही. वर्गात वाचून दाखवेन, बायका पोट धरधरून हसतील.

पिलनाम

*

इंचन, १० डिसेंबर

वन्सं,

वर्गाची करमणूक व्हावी ही माझीही इच्छा आहे. लिहून घ्या.

चोमरेबाईंना सांगा, तीनदा पोटभर जेवायचे दिवस गेले. सहादा खायचं, एका वेळी मूठभर. तांदूळ भिजवून, वाटून, गाळून पेज, चमच्यावरून ओघळेल इतपत. त्यात अंडं फेटून घातलं तर ताकद राहते. मऊ टोफू चालतो, वाफवलेला पांढरा मासा चालतो, काटे आणि कातडी काढून. तळलेलं नको, डुकराची चरबी नको, तेल थेंबभर. चरबी पोटात ठाण मांडून बसते.

रानभाज्या, नेच्याचे कोंब, मुळा, कोबीचे देठ, बिनसडीचा तांदूळ, सगळं बंद. ज्याला आपण सगळे आरोग्य आरोग्य म्हणून कुरवाळतो ते दोरे दोरे अशा पोटात गुंतून राहतात. किमची खायची नाही. मुळ्याच्या किमचीचं नुसतं पाणी दोन चमचे घ्यायचं आणि डोळे मिटून बाकीची आठवायची. जगता येतं. मी जगते.

खाऊन आडवं व्हायचं नाही, दोन-तीन तास. उठायचं आणि सावकाश चालायचं. चुसोकला मी तुमच्या अंगणात फेऱ्या मारत होते ते पितरांचा अपमान करायला नव्हे. तुमचं जेवण पोटात राहावं म्हणून मारत होते.

आधी साखर तपासून घ्यायची. डॉक्टर जेवणाआधी घ्यायची गोळी देतात, ती अर्धा तास आधी घ्यायची. मी आणि आमच्या शेजारणी मिळून जे सहा वर्षांत जमवू शकलो नाही, ते त्या गोळीने आणि गाळणीने पुष्कळसं जमवलं. पूर्ण नाही. वाईट दिवस येतातच, त्या दिवशी नुसती पाण्यासारखी पेज.

आणि पर्सिमन अजिबात नाही. पिकलेलं नाही, सुकलेलं नाही, अर्धं सुकलेलं तर मुळीच नाही. त्याचा तुरटपणा सुस्त पोटात साकळतो, भाज्यांच्या दोऱ्यांना धरून त्याचा गोळा होतो, आणि गोळ्याचा दगड. डॉक्टरांनी मला असा दगड बाटलीत घालून ठेवलेला दाखवलाय.

चोमरेबाईंना एवढंच विचारा, आयुष्यात कधी पेज भरवणाऱ्या कुणाला त्यांनी खुनी म्हटलंय का? म्हटलं असेल तर पेज घशाखाली उतरायला थोडा त्रास होईल. पण उतरते.

होसून

*

सांगजू, ३० डिसेंबर

होसून,

वर्गात वाचलं. कुणी फारसं हसलं नाही, थंडी होती.

चोमरेने ते सहा वेळचं सुरू केलं. मी तिला वेडी म्हटलं. पण ढेकर थोडे कमी झालेत म्हणते. शेडभोवती फेऱ्या मारते. लोक विचारतात, काय गं, काय हरवलंय? ती सांगते, कानातलं.

गोळीबिळी ती घेणार नाही. देगूपर्यंत बसने जायचं, पंचवीस वर्षांच्या पोराने पोट दाबायचं आणि विचारायचं, आजी, शौचाला होतं का? त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिचं म्हणणं, आणि माझंही.

पण तुझी ती पर्सिमनाची गोष्ट मात्र मी वर्गात वाचली नाही. मला लाज वाटली तुझी. या गावात चारशे वर्षं पर्सिमन सुकतात. आमच्या घरात मूल हगवणीने हैराण झालं की सुकं पर्सिमन, आजारी माणसाला शक्ती यायला सुकं पर्सिमन, पितरांच्या ताटात पहिल्या रांगेत सुकं पर्सिमन. आणि तू इंचनच्या पाचव्या मजल्यावर बसून सांगतेस, दगड होतो! तुला माझा धंदा खुपतो. तुला माझं सगळंच खुपतं. आठ वर्षांचा दात आहे, मी ओळखते.

चोमरेला मी सांगितलं, त्या बाईचं पेजेपुरतं ऐक, बाकीचं सोड. तसंही तिला आता दुसरं काही जात नाही. अर्धं सुकलेलं पर्सिमन मऊ असतं, चावावं लागत नाही, गोड लागतं. शेडमध्ये उभ्या उभ्या सकाळी दोन, दुपारी दोन, संध्याकाळी जेवणाऐवजी दोन-तीन. त्यावरच आहे ती गेले दोन आठवडे. आता पोटाच्या वरच्या भागाला हात लावला की दुखतं म्हणते, पण ते चालण्यामुळे असेल.

पिलनाम

*

इंचन, ८ जानेवारी २०१४

वन्सं,

पुरे झालं. चोमरेबाईंना ऐकू कमी येतं का? त्यांची सुकवणीची शेड आहे का? त्यांचा साधा भाऊ आणि आगाऊ भावजय इंचनला राहतात का? तुमच्या वर्गात चोमरे नावाची कुणी बाई नाही. दलसूने मास्तरणीला फोन करून विचारलं. त्याला मी विचारायला लावलं, म्हणून त्याच्यावर ओरडू नका.

दुसऱ्याच पत्रात ओळखलं होतं मी. कुत्र्याला कोण जेवण घालतं ते चुसोकला डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही माझ्या ताटात बघत होता तेव्हा मी तुमच्या ताटात बघत होते. तरी चोमरेच्या नावाने सगळं लिहून पाठवलं. मला वाटलं, नाव झाकलेलं राहिलं तर तुम्ही निदान ऐकाल. तुम्ही ऐकलं, आणि त्यातून नेमकं तेवढंच वगळलं ज्याने जीव जातो! का, तर ते मी म्हटलं म्हणून. धन्य आहे तुमची.

मला तुमच्या धंद्याचा हेवा वाटत नाही. ज्याचं पोट धावतं त्याने टोपलीभर खावीत, तुमच्या चारशे वर्षांत बहुतेकांची पोटं धावतच होती. तुमचं धावत नाही. वरच्या भागाला हात लावला की दुखतं ते चालण्याने नाही. आज पर्सिमन बंद, आणि आजच देगूची बस. उद्या नाही.

खरं सांगते, दोन दिवस मी हे पत्र लिहिलं नाही. मनात आलं, खाऊ देत. आईच्या नावाने मला खुनी म्हटलंत, आता कळेल पेज म्हणजे काय ते. असं आलं माझ्या मनात, तुम्हाला कळलेलं बरं. मग मी स्वतःचीच किळस येऊन लिहायला बसले. तुमच्यासारखं व्हायला मला अजून जमत नाही.

होसून

*

सांगजू, १२ जानेवारी

होसून,

मला काही झालेलं नाही.

सगळ्या गावाला फोन करत सुटलात नवराबायको! मास्तरीण मला आता वर्गात पहिल्या रांगेत स्टोव्हपाशी बसवते, मेली, आणि पेनसुद्धा उचलून हातात देते. ही दया तू माझ्या दारात आणलीस.

माझी फळं मी खाईन. तुझी पेज तू पी.

पिलनाम

*

इंचन, २ फेब्रुवारी

वन्सं,

हे पत्र दलसूच्या हाती इस्पितळात पाठवते आहे. वाचता येत नसेल तर त्याच्याकडून वाचून घ्या, तो अडखळेल, पण वाचेल.

तुम्हाला आठवत नसेल म्हणून लिहिते. परवा चांद्र नव्या वर्षाच्या सकाळी तुम्ही पितरांपुढे वाकलात आणि वर आलाच नाहीत. तिथेच पोट धरून कलंडलात. हिरवं-काळं ओकत होता. थोरले चुलते ओरडले, अजीर्ण झालंय, सुई आणा! एकाने दोरा आणला, एकाने सुई आगीवर धरली. दोघी जावा तुमची पाठ बडवत होत्या. दहाही बोटं टोचून झाली. आठ मोठी माणसं त्या खोलीत होती आणि एकालाही इस्पितळ आठवलं नाही.

ॲम्ब्युलन्स मी बोलावली. चुलते म्हणाले, सणाच्या दिवशी दारात भोंगा वाजवतेस, घराची अब्रू आहे की नाही? मी म्हटलं, अब्रूला बोटं असतील तर तिचीही टोचा. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना उलटून बोलले. फार बरं वाटलं.

डॉक्टरांना तुमची पत्रं दाखवली. पर्सिमनाचा आकडा त्यात तुम्हीच लिहिला होता, सकाळी दोन, दुपारी दोन, संध्याकाळी दोन-तीन. त्यांनी तो मोठ्याने वाचला आणि नर्सला म्हणाले, नळी तयार ठेवा.

मी परत आले. तुमच्या उशाशी दलसू आहे. मी बसले असते तर माझं तोंड बघून तुम्ही पुन्हा ओकला असता.

होसून

*

देगू, ७ फेब्रुवारी

होसून,

हातात सलाईनची सुई आहे म्हणून अक्षर वाकडं येतंय. हसू नकोस.

घशातून नळी घातली आणि पडद्यावर मला माझंच पोट दाखवलं. आत तपकिरी-काळा दगड, कोंबडीच्या अंड्याहून मोठा. त्यावर माझ्या पर्सिमनाच्या साली दिसत होत्या. डॉक्टर तोच, पंचवीस वर्षांचा. शौचाचं त्याने विचारलंच.

मला वाटलं, पोट चिरणार. तर म्हणाला, आजी, आधी कोला पाजू. मी म्हटलं, काय? तो म्हणाला, कोला, बिनसाखरेचा, त्याने हा दगड मऊ पडतो. होसून, त्र्याहत्तर वर्षं मी ते काळं पाणी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. दलसूने लहानपणी एकदा प्यायलं तर त्याला मी अंगणात उभं केलं होतं. आणि आता तोच दलसू उशाशी बसून मला ग्लासावर ग्लास पाजत होता, आणि मेला गालात हसत होता! दोन दिवस नळीतून आणि तोंडातून तेच. मग पुन्हा आत जाऊन तारेच्या फासाने दगडाचे तुकडे केले. निघाला सगळा. चारशे वर्षांचं माझं पर्सिमन, आणि त्याला विरघळवलं कुणी, तर पोराटोरांच्या त्या कोलाने. थू.

पण मी तुला दुसरंच विचारायला लिहितेय. दगड गेला, पण पोट असंच राहणार, असं तो म्हणतो. मलाही अंडं दिलं. चार तासांनी बघितलं. तुझ्याहून जास्त उरलं होतं. माझ्या अंगात साखर कधीपासून आहे कुणास ठाऊक, म्हणाला, पंधरा-वीस वर्षं तरी असेल. मी म्हटलं, बरं कधी होईल? तो कागद चाळायला लागला.

तो पोरगा आहे, त्याला खरं बोलायची भीती वाटते. तुला माझ्याशी वाईट बोलायची भीती कधीच वाटली नाही. म्हणून तुला विचारते. हे बरं होतं का? की आईसारखंच व्हायचं? मी घाबरलेय. हे दलसूला वाचून दाखवू नकोस.

पिलनाम

*

इंचन, १३ फेब्रुवारी

वन्सं,

बरं होत नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सरळ लिहिते. ती नस परत येत नाही. सासूबाईंचं झालं तसंच व्हायला हवं असंही नाही. त्यांना गोळी नव्हती, साखर तपासणारं कुणी नव्हतं, आणि त्यांना काय झालंय ते सांगणारंही कुणी नव्हतं. तुम्हाला तिन्ही आहेत. दहा-बारा वर्षं माणसं राहतात, चांगली राहतात. आपणही राहायचं, बस.

दलसूबरोबर एक बारीक गाळणी, भांडं आणि सहा कप्प्यांचा डबा पाठवला आहे. पेज कशी गाळायची ते त्याला दाखवलंय. पहिल्या दिवशी त्याने निम्मी ओट्यावर सांडली, आता बरी करतो. महिनाभर तो तुमच्याकडे राहील. मला इकडे त्याची काही गरज नाही, तसाही तो घरात टीव्हीशी बोलतो.

पहिले तीन महिने तुम्हाला जेवणाऱ्यांचा राग येईल. रस्त्यावर कुणी भजी खाताना दिसलं तरी त्याच्या श्रीमुखात द्यावीशी वाटेल. मला वाटायची. मग कमी होतं. नाही झालं तर मला पत्र लिहा आणि शिव्या द्या. शिव्या द्यायला पोट चालावं लागत नाही.

२४ तारखेला सासूबाईंचं श्राद्ध आहे. मी येणार नाही. सात वर्षं त्या दिवशी पहाटेपासून उभी राहून स्वयंपाक केला, तुमचे भाऊबंद जेवले आणि माझ्या पाठीमागे तेच वाक्य बोलले. यंदा त्यांच्या बायकांनी रांधावं. तुम्ही आजारी आहात म्हणून मी माझं मागणं सोडलेलं नाही. तुमचा जीव वाचावा असं मला वाटलं, तो वेगळा हिशेब. माझं नाव तुम्ही बुडवलंत, ते अजून बुडालेलंच आहे.

होसून

*

सांगजू, २६ फेब्रुवारी

होसून,

श्राद्ध झालं. दलसूने फोनवर सांगितलंच असेल, पण तो अर्धं गिळतो, म्हणून मी लिहिते.

तू नव्हतीस ते जेवणात कळलं. भजी जळालेली, मासा आतून कच्चा, आणि भातात चक्क कोंडा. चुलत्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. तुझी धाकटी जाऊ म्हणाली, दरवर्षी होसूनताई करतात ना, आम्हाला सवय नाही. सात वर्षं हादडताना सवय होती!

आईच्या फोटोपुढे वाकणं झालं आणि सगळे जेवायला बसले. दलसूने माझ्यापुढे पेजेची वाटी ठेवली. गाळलेली, वर अंडं फेटून. ताटं खणखणत होती आणि मी एकटी चमच्याने पेज पीत होते. थोरल्या चुलत्यांनी बघितलं. तोंडात मासा तसाच ठेवून मोठ्याने म्हणाले, काय गं पिलनाम, दलसूच्या बायकोने तुलाही पेजेवर आणलं का? आता तुझाही नंबर वाटतं! सगळे हसले. मला आठवलं, मयताला हेच लोक असेच बसले होते, आणि त्यांच्या तोंडात ते वाक्य मीच घातलं होतं. त्यांनी फक्त जपून ठेवलं होतं.

मी चमचा खाली ठेवला. म्हटलं, हो, पेजेवर आणलं. त्या पेजेवरच मी जिवंत आहे. तुम्ही नव्या वर्षाला माझी दहा बोटं टोचलीत आणि ती दारात भोंगा वाजवून मला घेऊन गेली. आता कान उघडे ठेवून ऐका, परत सांगणार नाही. माझ्या आईला होसूनने मारलं नाही. आईचं पोट माझ्यासारखंच बंद पडलेलं होतं, आणि तशा बाईला तिने दर अडीच तासांनी पेज भरवून चार वर्षं जगवली. माझ्या ताब्यात दिली असती तर पौष्टिक पौष्टिक म्हणत पर्सिमन भरवून मी चार महिन्यांत मारली असती. मी खोटं बोलले होते. याच फोटोसमोर बोलले होते, म्हणून याच फोटोसमोर सांगतेय.

तुझ्या धाकट्या जावेने मान खाली घातली. दलसू रडायला लागला, मी त्याला स्वयंपाकघरात पिटाळलं.

थोरले चुलते मात्र तसेच. मासा गिळला, तोंड पुसलं आणि मला म्हणाले, इतकं सगळं माहीत होतं तर आठ वर्षं का नाही बोललीस?

मी म्हटलं, तेव्हा माझं पोट चालत होतं.

पिलनाम